हेरंबचं जॉर्जियन घर

दार उघडायच्या आधी हेरंबनं आम्हाला फूटपाथवर उभं केलं आणि घर समजावून सांगायला सुरुवात केली. रात्रभर विमान, मग लंडनपासून मोटारीचा प्रवास, आईचे गुडघे सुजून टम्म झालेले, वर ऑक्टोबरचा गार वारा. पण माझा धाकटा भाऊ एक हात वर करून उभा.

"आई, आधी बाहेरून बघ. हे एकटं घर नाही. ही अख्खी रांग एकाच वेळी बांधलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वी, जॉर्ज राजांच्या काळात. एकामागून एक चार जॉर्ज झाले, म्हणून जॉर्जियन."

"राजांनी बांधली होय?" आईनं विचारलं.

"राजांनी नाही गं, बिल्डरांनी."

"मग बिल्डरियन म्हण की," मी म्हटलं.

हेरंबनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खिडक्या बघ. तळमजल्यावरच्या मोठ्या. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यात उंच, कारण तिथं दिवाणखाना. दुसऱ्या मजल्यावर निजायच्या खोल्या, तिथं आखूड. आणि तो दगडी कठडा दिसतो ना, त्याच्या मागे छतात आणखी एक मजला आहे. त्याच्या खिडक्या रस्त्यावरून दिसतच नाहीत. काय हिशेब होता बघ त्या लोकांचा."

हिशेब मला तिथं उभ्या उभ्या कळला. जितकं वर जाल तितकी खिडकी लहान, आणि तितका माणूस लहान. आईला मात्र त्यातलं काही कळलं नाही. ती लेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि हसत होती.

त्या गावाचं नाव बाथ. आमच्या मिरजेत बाथ म्हणजे बादली ठेवायची जागा, त्यामुळे हेरंब बाथमध्ये राहतो असं सांगितलं की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हसू पसरायचं. हेरंब हाडांचा डॉक्टर. बाबा रेल्वेत होते, आमचं सगळं लहानपण रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहिली. मी लग्न केलं नव्हतं, शाळेत भूगोल शिकवायची, आमचं दोघींचं छान चाललं होतं. पण आईच्या मनात एकच होतं, शेवटचे दिवस लेकाच्या घरी. तोंडानं कधी म्हणाली नाही, पण मला काय कळत नव्हतं? त्यानं "आई, आता इथंच राहायला ये" असं पत्र पाठवलं, तेव्हा तिनं ते पोस्टमनला चहा पाजून त्याच्याकडूनसुद्धा एकदा वाचून घेतलं. मी बिनपगारी रजा काढून तिला पोचवायला गेले. ठरलं असं होतं की ती तिथं रुळली तर राहील, नाहीतर माझ्याबरोबर परत येईल. परत येणं तिच्या हिशेबात नव्हतंच.

आत गेल्यावर सामान ठेवायला खोली कुठली, तर तिसऱ्या मजल्याची. कठड्यामागची. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना दगडी, ऐसपैस. नुसता भिंतीत रोवलेला, खालून कसलाही टेकू नाही, आणि हे सांगताना हेरंबच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तिथून वर मात्र लाकडी शिडीवजा प्रकार, अरुंद, काळोखा, धरायला काही नाही. वर तिरक्या छताची खोली, एक खाट, एक खुर्ची, आणि पाटीएवढी खिडकी. न्हाणीघर दोन मजले खाली. गावाचं नाव बाथ, आणि आंघोळीला म्हातारीनं दोन मजले उतरायचं.

"अरे, हिचे गुडघे," मी म्हटलं. "तू हाडांचा डॉक्टर ना?"

"चढण्या-उतरण्यानं स्नायू चांगले राहतात, ताई."

"खाली मागच्या बाजूला खोली आहे ती? मी येताना बघितली. नुसतं एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. शेजारी जिन्याखाली संडासही आहे. तिथं खाट टाक हिची."

तो दचकलाच. "तिथं? ताई, ती मॉर्निंग रूम आहे, सकाळी बसायची खोली. तिचं प्रपोर्शन बघितलंस का? लांबी, रुंदी, उंची, सगळं मापात. खाट टाकली तर संपलं सगळं."

"मग निदान या शिडीला एक दांडका तरी ठोक, धरायला."

"घर लिस्टेड आहे, सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत. साधा खिळा मारायचा तर अर्ज करावा लागतो."

घर लिस्टेड होतं. आई नव्हती. हे मी त्याला तोंडावर म्हटलं, तर आईच मला म्हणाली, "असू दे गं शशी. वर ऊन चांगलं येत असेल."

ऊन. बाथमध्ये. ऑक्टोबरात.

हेरंबची बायको रेवती वाईट होती असं मी म्हणणार नाही. पुण्याची, बोलायला गोड, "आई, चहा देऊ का" म्हणून रोज विचारायची. पण चहा स्वयंपाकघरात, स्वयंपाकघर तळघरात, आणि आई वर कठड्यामागे. मधे सगळा जॉर्ज. आई सकाळी एकदा खाली यायची, बसून बसून, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. संध्याकाळी तशीच वर जायची. हेरंब हॉस्पिटलातून आला की पाच मिनिटं वर डोकावायचा. आणि एरवी कुणीही पाहुणा आला की त्याला घर दाखवत हिंडायचा. ही छताच्या कडेची नक्षी, हे दारावरचं पंख्यासारखं तावदान, ही खिडकीची जुनी लाटालाटांची काच, यातून बघितलं तर झाडं कशी हलल्यासारखी दिसतात बघा. घराची मागची बाजू मात्र तो कुणाला दाखवत नसे. मी एकदा परसात जाऊन बघितली. समोरून सरळ रेषेत उभं असलेलं ते सगळं मागून कसंही वाढलेलं, कुठं पाइप, कुठं पत्रा, कुठं फुगवटा. सगळ्या रांगेचं तेच. समोरून राजवाडा, मागून चाळ. मला तर मागची बाजूच जास्त खरी वाटली.

तिथं त्याला सगळे हॅरी म्हणत. हेरंब म्हणायला जीभ वळत नाही म्हणे. एवढाले कठीण रोग तोंडपाठ असलेल्या लोकांची जीभ तीन अक्षरांना वळत नाही. पण त्याला हॅरी आवडायचं.

तर गावात जुन्या घरांवर प्रेम करणारी एक मंडळी होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, घर बघायचं, चहा प्यायचा, कौतुक करायचं. हेरंब त्यांच्यात शिरायला धडपडत होता आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्याची पाळी आली. त्याआधीचा आठवडाभर घरात लग्नघाई. पितळी कड्या घासून झाल्या, फायरप्लेस काळ्या पॉलिशनं चमकवून झाली.

आईला वाटलं, लेकाची मित्रमंडळी येणार. तिनं तळघरात दोन तास उभं राहून चिरोटे केले. गुडघ्यांना तेल चोळून घेतलं. ठेवणीतलं इरकली नऊवारी लुगडं काढलं. आणि शुक्रवारी मला म्हणाली, "शशी, त्यांच्याशी बोलायचं काय ते शिकव गं मला. एकच वाक्य. जास्त नको."

मी शिकवलं. "आय अ‍ॅम हेरंब्ज मदर." ती ते वाक्य भांडी घासताना म्हणत होती, शिडी चढताना म्हणत होती. 'मदर'ला अडखळायची आणि स्वतःशीच हसायची.

शनिवारी सकाळी रेवती वर आली. "आई, तुम्ही आज वरच बसाल ना? खाली गर्दी होईल, कुणाचा धक्काबिक्का लागायचा. ताई आहेतच सोबतीला. आणि चिरोटे... छानच झालेत, पण इथं चहाबरोबर स्कोन्स असतात. मी ते मागवलेत."

"बरं," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं मला म्हणाली, "हेरंब बोलवेल मला नंतर. सगळे बसले म्हणजे बोलवेल."

चिरोट्यांचं ताट मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. इरकलीचा पदर नीट खांद्यावरून घेतलेला. खालून आवाज येत होते. माणसं तळघरातून तळमजल्यावर आली, मग दिवाणखान्यात, मग दुसऱ्या मजल्यावर, आणि सगळीकडे हेरंबचा आवाज पुढे. मला वाटलं, आता उतरतील. तेवढ्यात एका बाईचा ठणठणीत आवाज आला, "हॅरी, आणि अगदी वरचं? वरचं बघितल्याशिवाय मी जाणार नाही." हेरंब काहीतरी पुटपुटला. पण शिडी करकरायला लागली होती.

पहिल्या आल्या त्या मिसेस पेनरोज. शेजारच्याच घरात राहायच्या, ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत, पण मंडळीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्यामागे पाच-सहा जण, आणि सगळ्यात शेवटी हेरंब. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. हेरंब पाठ केलेलं बोलत वर आला होता, त्याला मधेच थांबता येईना. "इथं घरातल्या मोलकरणी झोपत. एका खाटेवर दोघी. शेगडी नाही, मुद्दाम लहान खिडकी, म्हणजे बाहेर बघण्यात त्यांचा वेळ जायला नको..." आणि मग त्याला आई दिसली. म्हणजे आई तिथं असणार हे त्याला माहीत होतं. पण अशी, त्या वाक्याच्या शेवटाला बसलेली, ती त्याला तेव्हाच दिसली.

माणसं आलेली बघून आई उठायला लागली. गुडघे उठू देईनात. हातात ताट. हेरंब गडबडून मराठीतच बोलला, "आई, बस. उठू नकोस."

मिसेस पेनरोज एकदम वळल्या. "आया? आया म्हणालास तू?"

खोलीतले सगळे बघायला लागले. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण मला शब्द न् शब्द कळत होता. "माझ्या आईला आया होती, पुण्याला, कँटोन्मेंटात. आई मरेपर्यंत तिची आठवण काढायची. अगदी अशीच साडी. हॅरी, तू तुझी आया तिकडून आणलीस. आणि तिला ठेवलंसही बरोबर जिथं ठेवायला हवं तिथं. किती सुंदर."

मंडळींनी "आहा" केलं.

आई आणि आया. अर्ध्या अक्षराचा फरक. हेरंबनं तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, ही माझी आई आहे. त्याची आई तर एकच वाक्य कालपासून पाठ करून बसली होती. मी हेरंबकडे बघत होते. त्यानं मिसेस पेनरोजकडे बघितलं, छताकडे बघितलं, त्या पाटीएवढ्या खिडकीकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"खूप वर्षं आहे ती आमच्या घरात," तो म्हणाला.

खोटं नव्हतं हो ते. डॉक्टर माणूस, खोटं कसं बोलेल?

आया हा शब्द आईला कळणार नाही असं त्याला वाटलं की काय देव जाणे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आम्हा दोघांच्या वेळी तिची बाळंतपणं झाली, तिथं प्रत्येक वॉर्डात आया असायच्या. आईनं लेकाकडे एकदा बघितलं. मी पुढे सरकले, तोंड उघडलं, तर तिनं माझं मनगट असं दाबलं की तिच्यात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं.

"गप्प बस, शशी," ती हळूच म्हणाली. "चारचौघांत त्याचं नाक कापू नको."

आणि मग खुर्चीचा हात धरून ती उठली. ताट घेतलं. एकेकापुढे नेलं. "प्लीज," म्हणाली. "प्लीज." लोक चिरोटे उचलत होते, माना डोलवत होते. हेरंबपुढे ताट आलं तेव्हा त्यानंही एक उचलला. खाल्ला नाही, हातात धरून उभा राहिला. मी कोण हे कुणी विचारलंच नाही. आयाच्या शेजारी उभी, म्हणजे दुसरी आया. एका खाटेवर दोघी, सांगितलंच होतं त्यानं.

मंडळी गेल्यावर मी तळघरात उतरले. हेरंब कपबशा विसळत होता.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"ताई, ती म्हातारी बाई आहे. भावनेच्या भरात बोलली. सगळ्यांसमोर तिची चूक काढणं बरं दिसलं नसतं."

"आईला आया करणं बरं दिसलं."

"तुला इथल्या रीती माहीत नाहीत."

"मला इथल्या कळत नाहीत, तुला आपल्या कळत नाहीत. चार शब्द बोलायला काय होत होतं रे तुला?"

त्यानं नळ बंद केला. "आणि मग काय? ही माझी आई म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय असता? आईला मोलकरणींच्या खोलीत का ठेवलंय, हाच ना? काय सांगणार होतो मी त्यांना?"

"मला सांग. का ठेवलंयस?"

त्यानं ओला फडका घेतला, चारी कोपरे जुळवून घडी घातली, दांडीवर टाकला, आणि मग तो दांडीवर सरळ आहे की नाही हे बघत बसला. एवढा शिकलेला, एवढ्या लोकांची मोडलेली हाडं जोडणारा माणूस. मला किळस आली त्याची. दुसरा शब्द नाही.

वर गेले तर आई इरकली घडी करत होती. "तुझ्या तिकिटाबरोबर माझंही होतंय का बघ," एवढंच म्हणाली.

मग घरात धावपळ झाली. मॉर्निंग रूममधलं टेबल हललं, खाट आली, रेवतीनं नवीन गादी आणली. प्रपोर्शनचं काय झालं कुणास ठाऊक. हेरंब वर आला, खाली जमिनीवर बसला, आईचा पाय मांडीवर घेऊन गुडघा दाबून बघितला. म्हणाला, "आई, खालची खोली तयार आहे. चल."

"आता कशाला," आई म्हणाली. "जायचंच आहे."

"राग आलाय तुला."

"राग कसला?" तिनं पाय काढून घेतला, हळूच, त्याला लागू नये असा. "शशीची रजा संपत आली. तिचे जेवणाचे हाल होतात एकटीचे."

तो उठून खाली गेला. मला तर वाटतं, आतून त्याला सुटल्यासारखंही झालं असणार. दुसऱ्या महिन्यात टेबल परत खोलीत गेलं, हे रेवतीच्याच पत्रातून कळलं.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात उभी होती. सामान गेलं, रेवतीनं नमस्कार केला तो आतच, पॅसेजमध्ये. हेरंब आईला दंडाला धरून दगडी पायऱ्यांवरून फूटपाथवर घेऊन आला. आई तिथं थांबली. पाय जुळवले, निऱ्या जराशा वर धरल्या. निघताना लेक पाया पडणार, हे तिच्या अंगातच मुरलेलं. आशीर्वादाला हातही अर्धा वर आला होता.

हेरंब वाकायला लागला आणि शेजारचं दार उघडलं. मिसेस पेनरोज काठी टेकत बाहेर आल्या. हातात रिबीन बांधलेल्या साबणाच्या वड्या. आयासाठी. "हॅरी, तिच्यावाचून तुझं कसं होणार? अशी माणसं आता मिळत नाहीत."

हेरंब सरळ झाला. कोटाची कड झटकली, जणू त्यासाठीच वाकला होता. आणि त्यानं आईपुढे हात केला. शेकहँडला.

आईनं त्या हाताकडे बघितलं. वर आलेला स्वतःचा हात खाली घेतला आणि त्याच्या हातात दिला. साबण घेतला, मिसेस पेनरोजना थँक्यू म्हणाली. मग लेकाला म्हणाली, "येते मी. तब्येतीला जपा तुम्ही."

त्या वेळी ते मलाही नीट ऐकू आलं नाही. टॅक्सीत बसल्यावर कळलं, ती जप म्हणाली नाही, जपा म्हणाली. वाटलं, घाईत तोंडून गेलं असेल.

घाईत गेलं नव्हतं. त्यानंतर त्याचे फोन यायचे, दर पंधरवड्याला. आई नीट बोलायची, हसून बोलायची. "कसे आहात? जेवलात का? थंडी असेल ना तिकडं, अंगात घालत जा काहीतरी." पत्राचा मायना मला सांगायची तोसुद्धा श्रीयुत हेरंबराव. एकदा फोनवर तो मला म्हणाला, "ताई, ती मला अहो-जाहो करते गं." मी म्हटलं, "मालकाला अरे-तुरे कोण करतं?" त्यानं फोन ठेवला. ठेवू दे.

काही वर्षांनी तो एकटाच मिरजेला आला. आईला तेव्हा फारसं उठता येत नव्हतं, पण त्या दिवशी तिनं मला वाढू दिलं नाही. त्याच्या पानासमोर पाट घेऊन बसली. वांग्याची भाजी, कढी, त्याला आवडते तशी जाडसर पोळी.

"भाजी घ्या ना अजून," ती म्हणाली. "लाजू नका."

हेरंबचा हात पानातच थांबला. केस पांढरे झालेले, चाळीशी नाकावर घसरलेली. "आई," तो म्हणाला, "मला एकदा अरे म्हण. शिवी दे, थोबाडीत दे, पण अरे म्हण गं."

"असं कसं?" आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या घरातले तुम्ही."

ती कुजकटपणानं म्हणाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आवाज अगदी मऊ होता. हेरंब पानावर वाकून रडायला लागला, नाक ओढत, लहानपणी रडायचा तसा. मी चुलीपाशी उभी होते. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

आईनं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली.